न दुखणारा खुबा: एव्हीएनच्या एका केसची पूर्ण हकीकत

एव्हीएन म्हणजे अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, मांडीच्या हाडाचं खुब्यातलं गोल टोक, ज्याला आम्ही बॉल म्हणतो, त्याचं रक्त अडून तिथलं हाड मरतं तो आजार. ही केस माझ्याकडे आली ती डाव्या पायासाठी, पण लिहितोय ते उजव्या पायाबद्दल. डावा दुखत होता, त्याचं निदान आज ना उद्या झालंच असतं, उजवा मात्र अजिबात दुखत नव्हता आणि आतून डाव्याच्याच वाटेला लागला होता, तो सापडला तो एवढ्याचसाठी की खुब्याचा एमआरआय काढला की दोन्ही बाजू एकदमच दिसतात. मी सांगलीत फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करतो. पेशंटला विचारूनच लिहितोय, ओळख पटू नये म्हणून काही तपशील इकडचे तिकडे केलेत.

पेशंट तासगाव तालुक्यातले द्राक्षबागायतदार, वय 38, अंगानं काटक, वजन ठीक, शुगर-बीपी काही नाही. डिसेंबर 2022 मध्ये आले तेव्हा कमरेला बेल्ट आणि हातात मणक्याच्या एमआरआयची ती मोठी पिशवी. सप्टेंबरपासून त्रास होता. आधी गुडघा दुखतोय म्हणून गुडघ्याचा एक्सरे झाला, तो नॉर्मल आला, मग कुणीतरी नस दबली असेल म्हटलं म्हणून मणक्याचा एमआरआय झाला, त्यात चौथ्या-पाचव्या मणक्यात गादी थोडी सरकलेली निघाली आणि मग सगळं तिच्यावरच ढकललं गेलं. आता खरं सांगायचं तर चाळिशीच्या आसपासच्या कुणाचाही मणक्याचा एमआरआय काढा, काही ना काही फुगवटा निघतोच, त्यावरून पाय का दुखतोय हे ठरत नाही.

मी विचारलं, दादा नेमकं कधी दुखतं, तर म्हणाले, "ट्रॅक्टरचा क्लच दाबला की हितं कळ येती बघा डॉक्टर, आणि वर चढताना डावा पाय हातानं उचलून ठिवायला लागतोय." हितं म्हणताना हात गेला जांघेत. कमरेचा माणूस जांघेत हात नेत नाही सहसा, तो मागं नेतो, ढुंगणावर. गुडघा दुखतो हेही खोटं नव्हतं, खुब्याला आणि गुडघ्याला फांद्या देणारी ऑब्च्युरेटर नावाची नस एकच असते त्यामुळं खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं, लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत ही फसगत होते.

टेबलावर उताणं झोपवलं, गुडघा पोटाकडं नव्वद अंशात घेतला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला नेलं, म्हणजे खुबा आतल्या बाजूला फिरतो. डावा जेमतेम दहा अंश फिरला आणि चेहरा आवळला. उजवा पस्तीसेक अंश मोकळा फिरला, काही त्रास नाही. मग मांडी घालून बसायला सांगितलं तर डावा गुडघा वरच राहिला, उजवा टेकला. सरळ पाय उचलायची नसेची टेस्ट दोन्हीकडं स्वच्छ. कमरेचा काही संबंध वाटला नाही. हे उजव्याचं लक्षात ठेवा, तपासणीत उजवा शंभर टक्के नॉर्मल होता.

मग विचारलं, कोविड झालता का? झाला होता, मे 2021 मध्ये, दुसऱ्या लाटेत, ऑक्सिजन लावावा लागला होता. स्टिरॉइड दिलं होतं का विचारलं तर त्यांना माहीत नाही. इथं एक सवय सांगतो, पेशंटला स्टिरॉइड घेतलंय का असं विचारून उपयोग नसतो, लोक म्हणतात नाही नाही तसलं काय नाय, कारण स्टिरॉइड म्हटलं की त्यांना तालमीतली नाहीतर जिममधली पोरं आठवतात. ते वेगळं स्टिरॉइड, हे वेगळं. डिस्चार्ज कार्ड मागायचं. संध्याकाळी वहिनींनी व्हॉट्सॲपवर कार्डाचे फोटो पाठवले आणि त्यात सगळं होतं.

मिथाइल प्रेडनिसोलोन इंजेक्शन 40 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. म्हणजे 560. घरी जाताना त्याचीच गोळी 16 ची दोनदा सात दिवस, मग 8 ची दोनदा सात दिवस, म्हणजे 224 आणि 112. मिथाइलचे 4 म्हणजे साध्या प्रेडनिसोलोनचे 5, हा हिशोब लावला की झाले 1120. पण गोष्ट इथं थांबत नाही. वहिनी म्हणाल्या, "त्या गोळीनं ह्यांना लय तरतरी यायची, भूक लागायची, म्हणून मेडिकलमधनं परत आणली." रोज एक 8 ची, तीनेक आठवडे. अजून 210. सगळं मिळून 1330 मिलिग्रॅमच्या आसपास.

हा आकडा मोठा की छोटा? जुनी पुस्तकं साधारण 2000 मिलिग्रॅमच्या पुढं धोका धरायची. पण मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलमधून डॉ. संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये कोविडनंतरच्या एव्हीएनच्या तीन केस छापल्या, त्यात प्रेडनिसोलोनच्या हिशोबानं सरासरी 758 मिलिग्रॅम होतं, सगळ्यात कमी 400, आणि दुखायला सुरुवात कोविडच्या निदानानंतर सरासरी 58 दिवसांनी. म्हणजे पुस्तकातल्या आकड्याच्या बऱ्याच खाली. तुलनेसाठी, ज्या रिकव्हरी ट्रायलमुळं 2020 मध्ये जगभर कोविडसाठी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सुरू झालं त्यात डोस होता रोज 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस, म्हणजे प्रेडनिसोलोनचे 400. आमच्या दादांना त्याच्या तिपटीपेक्षा जास्त गेलं होतं.

इथं कुणी लगेच दवाखान्याला शिव्या घालायला नको. त्याच ट्रायलमध्ये ऑक्सिजनवरच्या पेशंटांत मृत्यू साधारण पाचव्या हिश्श्यानं आणि व्हेंटिलेटरवरच्यांत तिसऱ्या हिश्श्यानं कमी झाले होते. माणूस वाचला ते कदाचित त्याच औषधामुळं. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय परत आणलेल्या तीन आठवड्यांचं मात्र समर्थन करता येत नाही.

दारूचंही विचारलं, कारण दारू हे एव्हीएनचं दुसरं मोठं कारण. आठवड्याला दोन-तीन क्वार्टर म्हणाले. एक क्वार्टर 180 मिली, त्यात 42.8 टक्के अल्कोहोल, म्हणजे 77 मिली, तीन धरल्या तर 231. एव्हीएनला दारू जबाबदार धरायची तर आठवड्याला 400 मिली शुद्ध अल्कोहोल आणि तेही सहा महिन्यांच्या वर, असा निकष लावतात. त्यात बसत नव्हतं. पण पेशंटनं सांगितलेल्या क्वार्टरमध्ये मी मनातल्या मनात एखादी वाढवून धरतो, तरीही बसत नव्हतं.

मिरजेतल्या हाडाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. मिरजेला दवाखान्यांची काय कमी नाही, मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या वॉनलेस साहेबांच्या काळापासून बेळगाव-अथणीपर्यंतचे पेशंट तिथंच येतात. एक्सरे दोन काढले, एक सरळ आणि एक पाय बेडकासारखे फाकवून, आणि हा दुसरा महत्त्वाचा असतो, कारण बॉलचा जो पुढचा-वरचा भाग आधी बसतो, म्हणजे खचतो, तो सरळ फोटोत झाकला जातो. सरळ फोटोत डावीकडं थोडा पांढुरका पट्टा, बाकी काही नाही, जॉइंटमधली फट अगदी छान. फाकवलेल्या फोटोत मात्र बॉलच्या सालीखाली चंद्रकोरीसारखी काळी रेघ. ती दिसली म्हणजे साल खालच्या हाडापासून सुटली, आत फ्रॅक्चर झालंय. उजवा दोन्ही फोटोंत स्वच्छ.

एमआरआयमध्ये डावीकडं बॉलचा निम्म्याहून जास्त भाग गेलेला, आजूबाजूला सूज, जॉइंटमध्ये पाणी. आणि उजवीकडं, ज्याबद्दल कुणाला शंकाही नव्हती, बॉलच्या पुढच्या-वरच्या भागात एक काळी वळणदार रेघ, तिच्या आत साधारण 35 ते 40 टक्के बॉल. सूज नाही, पाणी नाही, आकार गोल शाबूत. आर्को या एव्हीएनचे टप्पे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत डावा तिसऱ्या टप्प्यात आणि उजवा पहिल्या. पहिला टप्पा म्हणजे एक्सरे नॉर्मल, तपासणी नॉर्मल, पेशंट नॉर्मल, फक्त एमआरआय बिघडलेला.

आता हे झालं कधी, हा माझ्या मते या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. दुखायला लागलं सप्टेंबर 2022 मध्ये, म्हणून लोकांना वाटतं आजार सप्टेंबरमध्ये झाला. नाही. खुब्याच्या बॉलला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या मांडीच्या मानेवरून चढत जातात, बारीक असतात आणि एकमेकींना फारसा आधार देत नाहीत, एक बंद पडली तर दुसरीकडून रक्त येईलच असं नाही. स्टिरॉइडनं मज्जेतल्या चरबीच्या पेशी फुगतात, रक्तात चरबीचे कण फिरतात, रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते, कोविडमध्ये ती आधीच वाढलेली असते, आणि हे सगळं हाडाच्या बंद डब्यात चालतं जिथं पसरायला जागा नाही, त्यामुळं आतला दाब वाढून आहे ते रक्तही अडतं. रक्त थांबलं की मज्जेतल्या रक्त तयार करणाऱ्या पेशी 6 ते 12 तासांत मरतात, हाडाच्या पेशी 12 ते 48 तासांत, चरबीच्या पेशी 2 ते 5 दिवस तग धरतात. बास, एका आठवड्याच्या आत तो तुकडा मेलेला असतो.

आणि त्या दिवशी काहीही कळत नाही. कारण मेलेलं हाड लगेच कमजोर होत नाही. पेशी गेल्या तरी कॅल्शियमचा सांगाडा तसाच उभा असतो, वजन तसंच पेलतो. वरची कूर्चा जॉइंटमधल्या पाण्यावर जगते, तिला हाडातल्या रक्ताची तेवढी गरज नसते, म्हणून ती जिवंत, म्हणून एक्सरेत फट छान. आणि कूर्चेला दुखणं कळवणाऱ्या नसा नसतातच. मग दुखणार कुठून?

एमआरआयमध्येही पहिल्या दिवसापासून दिसत नाही. ती काळी रेघ म्हणजे मेलेल्या आणि जिवंत हाडाच्या सीमेवर शरीरानं सुरू केलेली दुरुस्ती, ती सुरू व्हायला वेळ लागतो. जपानमध्ये ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते त्या आजाराच्या पेशंटांना मोठ्या डोसचं स्टिरॉइड सुरू केल्यावर ओळीनं एमआरआय काढत गेले, 2001 मध्ये ते छापून आलं, ज्यांना एव्हीएन झालं त्यांच्यात मेलेल्या भागाचा डाग सरासरी 3.1 महिन्यांनी दिसला आणि सगळे 1 ते 5 महिन्यांत. हा हिशोब दादांना लावला तर 2021 च्या दिवाळीपर्यंत दोन्ही खुब्यांत डाग दिसण्याजोगे असणार. त्या वर्षी त्यांनी ऑक्टोबर छाटणी केली, डिपिंग केलं, थिनिंगला दिवसदिवस मांडवाखाली उभे राहिले, माल काढला, बेदाण्याच्या शेडवर चढउतर केली, आणि पाय एकदाही दुखला नाही.

बॉल बसतो तो मेल्यामुळं नाही, दुरुस्तीमुळं. हे ऐकायला विचित्र वाटतं आणि दादांनाही पटेना, तेव्हा त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं, की समजा बागेचा मांडव जुना झाला आणि घडांचं वजन वर लटकत असतानाच तुम्ही खांब बदलायला काढले, आणि जुने उपसणारी टोळी जोरात आणि नवे रोवणारी सावकाश, तर मांडव कधी पडेल? "मधीच की ओ," म्हणाले. हाडातही तसंच, मेलेलं हाड खाणाऱ्या पेशी आधी आणि वेगानं कामाला लागतात, नवीन घालणाऱ्या मागून येतात, आणि मधल्या काळात सालीच्या खालचा भाग पोकळ होतो. त्यावर चालताना वजनाच्या कितीतरी पट दाब येतो आणि एक दिवस साल मोडते. दुखतं ते तेव्हा, किंवा त्याच्या थोडं आधी आतली सूज आणि दाब वाढल्यावर. म्हणून ज्या एमआरआयमध्ये डागाभोवती सूज दिसते तिथं बसण्याची वेळ जवळ आली असं समजतात. डावीकडं सूज होती, उजवीकडं नव्हती.

म्हणजे सोळा महिने दोन्ही खुबे आतून चालू होते आणि माणूस धडधाकट होता. डाव्याचा डाग मोठा म्हणून तो आधी गेला. उजव्याचं काय होणार?

तर इथं सगळं येतं डागाच्या आकारावर आणि जागेवर. 2008 मध्ये डॉ. नाम आणि सहकाऱ्यांनी न दुखणारे 105 खुबे काही इलाज न करता बघत राहण्याचा अभ्यास छापला. बॉलचा 30 टक्क्यांपेक्षा कमी भाग गेलेला असेल तर पुढं दुखायला लागले फक्त 5 टक्के. 30 ते 50 असेल तर 46 टक्के. 50 च्या वर असेल तर 83 टक्के. एकूण 59 टक्के. गंमत अशी की 2010 मध्ये माँट आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळे अभ्यास गोळा करून 664 खुबे मोजले तेव्हाही आकडा 59 टक्केच आला. पण 59 हा आकडा पेशंटला सांगून काही उपयोग नाही, कारण तो कुठल्याच पेशंटचा नसतो, बारीक डागवाला बराच सुरक्षित आणि मोठा डागवाला बराच अडचणीत. जागाही बघायची, डाग आतल्या बाजूला, वजन येत नाही तिथं असेल तर बसायची शक्यता कमी, वरच्या-बाहेरच्या बाजूला असेल तर जास्त. डॉक्टरांनी एमआरआयच्या दोन चित्रांवर डागाचे कोन मोजून बेरीज केली, ती 190 च्या खाली असेल तर निर्धास्त आणि 240 च्या वर असेल तर बसणारच असं धरतात, दादांची आली 210. थोडक्यात, निम्मं-निम्मं. सगळ्यात अवघड जागा. लहान असता तर सोडून दिलं असतं, मोठा असता तर वाद नव्हता.

डाव्यासाठी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की साल मोडल्यावर ड्रिलिंगचा फारसा उपयोग नाही, खुबा बदलायला लागणार, घाई नाही पण लागणार. उजव्यासाठी ड्रिलिंग सुचवलं, म्हणजे मांडीच्या बाजूनं बारीक भोक पाडून मेलेल्या भागापर्यंत जायचं, दाब मोकळा करायचा आणि कमरेच्या हाडातून काढलेला मज्जेचा रस तिथं सोडायचा. हे ऑपरेशन मुळात इलाज म्हणून आलेलंच नाही. फ्रान्समध्ये फिकाट आणि आर्ले हे डॉक्टर 1960 च्या दशकात तपासणीसाठी भोक पाडून हाडाचा तुकडा काढायचे, तर पेशंटच म्हणायला लागले की दुखणं कमी झालं.

घरी काय झालं असेल तुम्हाला अंदाज येईल. त्यांचे वडील सोबत आले होते, त्यांनी मला सरळ विचारलं, "जो पाय दुखतोय त्याला थांबा म्हणताय आणि जो धडका हाय त्याला भोक पाडा म्हणताय, ह्यो कुठला न्याय डॉक्टर?" त्यांचं काय चुकलं? आपण आयुष्यभर दुखलं की दवाखाना असंच शिकलोय. मी त्यांना दोन्ही फिल्म उजेडाला धरून दाखवल्या, डाव्याची रेघ आणि उजव्याची रेघ. म्हातारा बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "माल निघूद्या मग बघू." जानेवारी ते मार्च हंगाम, त्यात कोण ऑपरेशन करून घेतो. डॉक्टरांनीही अडवलं नाही, फक्त अलेंड्रोनेट सुरू केलं, 70 मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी भांडंभर पाण्यासोबत, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जळजळ. हाड खाणाऱ्या पेशींना ही गोळी आवर घालते, म्हणजे जुने खांब उपसणाऱ्या टोळीचा वेग कमी करायचा. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात तैवानमध्येच 2005 च्या अभ्यासात फायदा दिसला आणि 2012 च्या, जास्त काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासात दिसला नाही. भारतात डॉ. अगरवाला यांनी बरीच वर्षं ती वापरून चांगले निकाल मांडलेत. आपल्याकडं बहुतेक डॉक्टर देतात. मी काय तिच्या विरोधात नाही, पण फक्त गोळीच्या भरवशावर मध्यम डाग सोडून देणं मला स्वतःला पटत नाही.

हंगामात दादांना मी काय दिलं? डाव्या बाजूला कमी वजन यावं म्हणून उजव्या हातात काठी, जी त्यांनी बागेत कधी धरली नाही. ट्रॅक्टरवर दुसरा माणूस, हे मात्र ऐकलं. खुब्याभोवतीचे स्नायू टिकवायचे व्यायाम, उड्या आणि ओझं बंद. व्यायामानं डाग बरा होत नाही हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकतो, नाहीतर लोक फिजिओलाच चिकटून बसतात आणि वेळ निघून जातो.

जून 2023 मध्ये परत फोटो आणि एमआरआय. डावा आणखी बसला होता, आता चपटेपणा 2 मिलिमीटरच्या वर, लंगडणं वाढलेलं, रात्री झोपेतही कळ. उजवा? दुखत नव्हताच. फिरायला तसाच मोकळा. डाग तेवढाच. पण एक्सरेत आता पहिल्यांदा डागाच्या कडेला फिकट पांढरी रेघ आली होती. म्हणजे पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात, आणि पेशंटला त्याचा पत्ता नाही. या केसमधली मला सगळ्यात बोलकी वाटलेली गोष्ट हीच, सहा महिन्यांत आजार एक पायरी पुढं गेला आणि तपासणीच्या टेबलावर काडीचाही फरक नाही. याच फोटोनं घरातला वाद मिटला. वडील म्हणाले, "डाव्याची पण अशीच पांढरी रेघ हुती न्हवं?" होती.

जुलैमध्ये एकाच भुलीत दोन्ही केलं, डावा खुबा बदलला आणि उजव्याला ड्रिलिंग. याचं एक व्यवहारी कारण होतं. ड्रिलिंगनंतर सहा आठवडे त्या पायावर पूर्ण वजन टाकायचं नसतं, भोकामुळं मांडीचं हाड त्या जागी कमजोर असतं आणि मोडल्याच्या केस आहेत, मग ते वजन टाकायचं कशावर, बसलेल्या डाव्यावर? बदललेल्या खुब्यावर मात्र दुसऱ्या दिवसापासून वॉकर घेऊन उभं राहता येतं. त्यामुळं ऑपरेशननंतर जो पाय कृत्रिम तोच भरवशाचा आणि जो स्वतःचा तो जपायचा असा उलटा मामला झाला, आणि दादा सवयीनं सारखे उजव्यावर जोर द्यायचे. दहा महिने डावा वाचवत चालल्यावर मेंदूला ती सवय लागलेली असते. वजनकाटा जमिनीवर ठेवून त्यावर उजवा पाय टेकवायला लावला आणि वीस किलोच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही, असं करून करून बसवलं. संडास कमोडचा केला, मांडी घालून बसणं बंद, पंगतीत खुर्ची. हे त्यांना ऑपरेशनपेक्षा जड गेलं.

2025 च्या उन्हाळ्यातल्या एमआरआयमध्ये उजवा बॉल गोल आहे, डागाच्या कडेनं थोडं नवीन हाड, साल शाबूत, दुखणं नाही. खूश होण्यासारखंच आहे, पण हे ड्रिलिंगमुळंच झालं असं मी छातीठोक म्हणणार नाही. वरचे आकडे परत बघा, 30 ते 50 टक्क्यांच्या गटात काहीच न करताही निम्म्याहून जास्त खुबे दुखले नव्हते. दादा त्या निम्म्यात मुळातच असतील. एका पेशंटवरून हे कधीच सिद्ध होत नाही आणि जे कुणी आमच्या अमुक इलाजानं एव्हीएन बरा झाला म्हणून पेशंटचे व्हिडिओ टाकतात त्यांना आधी विचारा डाग किती टक्के होता. ज्यांचा डाग बारीक होता ते लिंबूपाणी पिऊनही बरेच राहिले असते. आणि सांधेदुखीच्या नावानं ज्या बिनलेबलच्या पुड्या विकतात त्यांच्यापासून तर लांबच राहा, त्यात स्टिरॉइडच मिसळलेलं सापडतं कितीदा, म्हणजे ज्यानं आजार झाला तेच परत पोटात.

मग कोविडमध्ये स्टिरॉइड घेतलेल्या प्रत्येकानं एमआरआय काढायचा का? माझं मत, नाही. बहुतेकांना काही झालेलं नाही आणि हजारो रुपये घालून भीती विकत घेण्यात अर्थ नाही. पण दोन ठिकाणी मी हट्ट धरतो. एक, स्टिरॉइडचा मोठा कोर्स झालेला माणूस जांघेत दुखतंय म्हणाला तर एक्सरे नॉर्मल आला म्हणून सोडायचं नाही, नॉर्मल एक्सरेनं सुरुवातीचा एव्हीएन नाही असं ठरतच नाही. दुसरं, अपघात नसताना एका खुब्यात एव्हीएन निघाला तर दुसरा बघायचाच, दुखत असो नसो, कारण अशा पेशंटांत निम्म्याहून जास्त जणांत दोन्ही बाजूला असतो.

तरी या प्रश्नाचं टोक आमच्यासमोर आलंच, दादांच्या धाकट्या भावाच्या रूपात. तोही त्याच लाटेत ॲडमिट होता, भावाचं बघून घाबरलेला, दुखत काही नाही, तपासणीत दोन्ही खुबे मोकळे. पण मोकळे आहेत म्हणून मी त्याला काय सांगणार, दादांचा उजवाही मोकळाच होता. त्याचं डिस्चार्ज कार्ड बघितलं, डेक्सामेथासोन 6 मिलिग्रॅम पाच दिवस, म्हणजे प्रेडनिसोलोनचे 200. मी म्हटलं गरज वाटत नाही, डॉक्टरही तेच म्हणाले, तो ऐकेना, तेव्हा त्यांनी पूर्ण एमआरआयऐवजी दोन्ही खुब्यांच्या मोजक्या सिक्वेन्सची चिठ्ठी दिली, डाग आहे की नाही एवढं त्यात कळतं. स्वच्छ आला. स्टिरॉइडचा डाग पडायचा तर पहिल्या काही महिन्यांतच पडतो आणि याला तर दोन वर्षं उलटून गेली होती, त्यामुळं परत कधी स्टिरॉइडचा मोठा कोर्स घ्यावा लागला नाही तर हा एमआरआय पुन्हा काढायचं कारण नाही, असं डॉक्टरांनी त्याच्या कागदावरच लिहून दिलं.